चोथ्याची मात्रा

तिसऱ्या गाळ्याच्या दाराशी टेकवलेल्या पोत्यावर ‘चोथा’ लिहिलेलं वहिनींनी पाहिलं, तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि आवारात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. शेजारचं पोतं फिरवून पाहिलं. त्यावरही तेच. निळा रंग, जाड ब्रश, मास्तरांचं बसकं अक्षर.

मग बारा पावलं पुढे जाऊन त्यांनी चौथ्या गाळ्याच्या दाराशी ठेवलेली दोन पोती पाहिली. त्यांच्यावर होतं ‘पहिला’.

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती गेले चार महिने अधूनमधून चुकचुकतच होती. आज तिला बसायला भिंत मिळाली.

कारण संत्र्याचा चोथा फक्त चौथ्या गाळ्यात जायचा होता. तसं तोंडी ठरलं होतं.

लांबच्या लांब शेड, तिचे चार गाळे, आणि गाळ्यागणिक सहाशे पक्षी, असा वहिनींचा कारभार. बेचाळीस दिवसांत मूठभर पिल्लाचा सव्वादोन किलोचा पक्षी करायचा, गाडीत भरून द्यायचा, खाली पसरलेलं भाताचं तूस काढायचं, चुना मारायचा आणि नवी पिल्लं सोडायची. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून वहिनी आणि खाद्य मिसळणारे मास्तर, अशा दोघांनीच हा गाडा ओढला होता. मास्तर हे त्यांचं नाव नव्हतं. दिसेल त्या पत्र्यावर, पिंपावर, पोत्यावर ते ब्रशने काहीतरी लिहून ठेवत, म्हणून ते मास्तर. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती.

चार महिन्यांपूर्वी धाकटा दीर बायकोला घेऊन परत आला. रसाच्या कारखान्यात तो बारा वर्षं संत्री पिळायच्या यंत्रावर होता. तिथे नवं यंत्र आलं आणि त्याला माणसं कमी लागू लागली. दोन ट्रंका, एक गादी आणि एक कल्पना, एवढं सामान त्यानं मागच्या दोन खोल्यांत उतरवलं.

“वहिनी, रोज दोन ट्रॉल्या चोथा निघतो तिथे,” पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला. “साल, गर, सगळं. खड्ड्यात ओततात. मी नेतो म्हटलं तर हात जोडतील.”

“का ओततात मग खड्ड्यात? शहाणी माणसं असतील ना तीही.”

“ओला चोथा दोन दिवसांत आंबतो. वाळवायला गच्ची लागते आणि माणूस लागतो. आपल्याकडे गच्ची आहे. माणूस मी आहे.”

“आणि कोंबड्या माझ्या आहेत.”

‘माझ्या’वर जरा जोर पडला होता. धाकट्यानं तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं करून वही उघडली. बिया कडू असतात, पक्ष्यांना बाधतात, म्हणून आधी चाळून काढायच्या. उरलेलं उन्हात कडकडीत वाळवायचं आणि दळायचं. मका तेवढा कमी करून शंभर किलोला आठ किलो चोथा घालायचा, तोही तीन आठवड्यांनंतर, कारण लहान पिल्लांच्या पोटाला झेपत नाही. पाय आणि कातडी जरा पिवळी होतील, पण ते गिऱ्हाइकाला आवडतंच. सगळं नीट लिहिलेलं होतं. वहिनींना नीट लिहिलेल्या गोष्टींची मुळातच धास्ती.

“चौथ्या गाळ्यात करून बघ,” तीन महिने टाळल्यावर त्या शेवटी म्हणाल्या. “एक बॅच. बेचाळिसाव्या दिवशी चारही गाळ्यांची वजनं. तुझा पक्षी बाकीच्यांच्या सरासरीच्या पन्नास ग्रॅम आत राहिला, तर तिसरा आणि चौथा गाळा तुझा. राहा इथेच.”

“आणि नाही राहिला तर?”

“ते तूच सांग.”

कारखान्याची दुसरी शाखा दोन दिवसांच्या प्रवासावर होती. तिथली एक नोकरी आणखी दोन महिने त्याच्यासाठी राखलेली होती. “नाही राहिला तर आम्ही तिकडे जातो,” तो म्हणाला. “पुन्हा विषय काढणार नाही. शब्द.”

वहिनी या घरात आल्या तेव्हा हा दीर दहा वर्षांचा होता. त्याच्या बुटांच्या नाड्या त्यांनीच बांधल्या होत्या, आणि शाळेतून आलेली चिठ्ठी थोरल्यापासून लपवलीही होती. पण बारा वर्षं हा थोडा काळ नव्हे. माणूस बारा वर्षं पिळायच्या यंत्रावर होता. काय काय पिळायला शिकून आला असेल, कोण जाणे.

हे सगळं आठवत त्या दुपारी वहिनी दोन दारांच्या मधोमध उभ्या राहिल्या. चोथा सुरू होऊन चार दिवस झाले होते. ते चारही दिवस धाकट्यानं चौथ्यातलं खाद्य स्वतः ओतलं होतं. आजपासून कारखान्यानं चोथा द्यायची वेळ बदलली, त्यामुळे तो अकरालाच टेम्पो घेऊन गेला होता, आणि तिसऱ्या-चौथ्याचं खाद्य पूर्वीसारखं वहिनींकडे आलं होतं. पहिल्या-दुसऱ्याचं मास्तर सकाळीच ओतत आणि रिकामी पोती काखोटीला मारून नेत. आता ते खाद्य मिसळायच्या ड्रमच्या खोलीत आडवे झाले होते. त्यांचं घोरणं इथवर येत होतं.

वहिनींनी पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर खाद्य हातावर घेतलं. पिवळा भरडा. चौथ्याच्या दारातलं घेतलं. तेही पिवळंच. दळून मिसळल्यावर मक्यात चोथा डोळ्यांना ओळखू येत नाही. दुसऱ्या कुणी नुसतं नाकाशी धरून सांगितलं असतं. पण वहिनींना वास येत नसे. पाच वर्षांपूर्वी एका तापात गेला तो गेलाच. सगळं आवार संत्र्यानं घमघमतंय, हे त्यांना लोकांकडूनच कळायचं. जाऊ एकदा कपडे पिळता पिळता पुटपुटली होती, “नाक चालत नसलं तरी खुपसायचं काही राहत नाही.” वहिनींचे कान मात्र शाबूत होते.

तेव्हा जे लिहिलं आहे त्यावर विश्वास ठेवणं भाग होतं. आणि लिहिलेलं अगदी स्वच्छ होतं. तिसऱ्याला चोथा, चौथ्याला पहिल्या गाळ्याचं चांगलंचुंगलं खाद्य. चौथ्यातले पक्षी मक्यावर पोसायचे, तिसऱ्यातले चोथ्यानं खाली ओढायचे, आणि बेचाळिसाव्या दिवशी म्हणायचं, बघा वहिनी, माझे पक्षी उलट वरचढच! मास्तर त्याला सामील असणार. परवाच दोघं ड्रमपाशी डोकं डोक्याला लावून हसत होते, आणि वहिनी दिसताच गप्प झाले होते.

दुसरी एखादी मास्तरांना उठवून विचारती झाली असती. पण चोराला विचारून चोरी शोधायची नसते, असं वहिनींचं मत होतं. आरडाओरडा केला असता तर त्यानं दुसरी वाट काढली असती. त्यापेक्षा त्याचा डाव त्याच्यावरच उलटवावा. त्यांनी ‘चोथा’ लिहिलेली पोती एकेक करून चौथ्यात ओढत नेली, ‘पहिला’ लिहिलेली तिसऱ्यात आणली, दोन्हीकडची भांडी भरली आणि रिकामी पोती होती तिथे, होती तशी टेकवून ठेवली. कंबर धरली. पण मन हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी पोती पुन्हा तशीच. वहिनींनी पुन्हा फिरवली. हे रोजचंच झालं.

एकोणतिसाव्या दिवशी जाऊ पाण्याची भांडी धुऊन तिसऱ्यातून बाहेर आली आणि पदराने हात पुसत म्हणाली, “ताई, आज तिसऱ्यातसुद्धा संत्र्याचा वास येतोय हो.”

वहिनींनी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा साधा होता. जास्तच साधा. ही आपलं नाक तपासतेय, की आपल्याला किती कळलंय ते?

“येत असेल,” त्या म्हणाल्या. “वारं फिरतं.”

“वारं बंद आहे आज.”

“मग तुझ्या हाताला येत असेल.”

जाऊ हात हुंगत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्यातलं तूस ओलसर होऊ लागलं. चोथ्यानं सुरुवातीला पक्ष्यांची विष्ठा पातळ होते, हे धाकट्यानंच सांगितलं होतं. वहिनी चक्रावल्या. चोथ्याची पोती तर त्या स्वतःच्या हातानं चौथ्यात नेत होत्या. मग तिसऱ्यात ओल कुठून? पाणी कुठेतरी मुरत होतं. म्हणजे याला सुगावा लागला होता, आणि हा आता दुसऱ्या वाटेनं तिसऱ्यात चोथा घालत होता. पहाटे? आपण आंघोळीला गेल्यावर? त्याच दिवशी त्यांनी तिसऱ्याच्या दाराला पितळी कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली.

संध्याकाळी धाकटा गच्चीवरून उतरला. केसांत वाळलेल्या सालीचा भुगा, बोटं पिवळीधमक.

“वहिनी, तिसऱ्याला कुलूप कशाला?”

“उंदीर झालेत.”

“कुलपानं उंदीर थांबतात?”

“मोठे थांबतात.”

तो हसला. त्या हसल्या नाहीत. त्यानं नळाखाली हात धरले. मग मान न वळवता म्हणाला, “चौथ्यातलं तूस बघितलंत? कोरडं ठणठणीत. आधी चार दिवस मी घाबरलो होतो. पण आता सवय झाली त्यांना. मानवला चोथा.”

“असं?”

“तुम्हाला आनंद झालेला दिसत नाही.”

“बेचाळिसाव्या दिवशी होईन आनंदी. व्हायचं असेल तर.”

त्यानं नळ बंद केला आणि क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना तो डोळे खाली घालायचा. आता त्यानं घातले नाहीत. वहिनींनी त्याचा अर्थ असा घेतला, की पोरगा तयार झाला.

त्यांनी नजर आणखी बारीक केली. तो मास्तरांशी किती वेळ बोलतो. जाऊ कुठल्या गाळ्याशी रेंगाळते. टेम्पोतून किती पोती उतरतात, गच्चीवर किती चढतात, दळून किती खाली येतात. सगळं जुळत होतं. जुळतंय म्हणजे जुळवलेलं आहे, असंच त्यांना वाटलं. जेवताना त्या ताटाकडे कमी आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत. एकदा जाऊ म्हणालीच, “ताई, आम्हाला शिंगं फुटलीत का?”

“फुटली की सांगेन.”

जाऊनं ताटातला घास पुन्हा ताटातच ठेवला. त्या दिवसापासून मागच्या खोलीतल्या ट्रंकांवरच्या चादरी निघाल्या. ती हळूहळू आवराआवर करू लागली होती. जायची तयारी म्हणून, की आपल्याला दाखवायला म्हणून, हे वहिनींना ठरवता येईना.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता खरेदीदाराचा काटेवाला आला. गुबगुबीत, बोलका माणूस. गाळ्यांसमोर त्यानं काटा मांडला. प्रत्येक गाळ्यातले पन्नास पक्षी, दहा-दहाच्या क्रेटमध्ये भरून तोलायचे, असं ठरलं.

“काटा माझा, कोंबडी तुमची,” तो म्हणाला. “मधलं भांडण तुमचं तुम्ही बघा.”

पहिला गाळा, सरासरी दोन किलो दोनशे चाळीस. दुसरा, दोन किलो दोनशे पंचवीस. मास्तर आकडे पत्र्यावर निळ्या रंगानं लिहीत होते. धाकटा क्रेट उचलून देत होता आणि दर क्रेटला त्याचे ओठ हलत होते.

तिसऱ्याचं कुलूप वहिनींनी स्वतः काढलं. पहिला क्रेट काट्यावर आला आणि काटेवाला खाली वाकला. “हे काय वहिनी? या गाळ्यातल्यांना पिवळे मोजे घातलेत?”

पक्ष्यांचे पाय खरोखरच पिवळे होते. पहिल्या-दुसऱ्यातल्यांचे फिकट, मळकट पांढरे. यांचे लख्ख पिवळे. धाकटा क्रेट धरून तसाच उभा राहिला.

वहिनींनी मनात म्हटलं, पकडला. पण त्या गप्प राहिल्या. आधी चौथा गाळा होऊ दे.

तिसऱ्याची सरासरी आली दोन किलो दोनशे पस्तीस.

चौथ्यातले पक्षी आले ते पांढऱ्या पायांचे. पाच क्रेट झाले. काटेवाल्यानं भागाकार दोनदा केला. “दोन किलो एकशे पासष्ट.”

बाकी तिघांची सरासरी दोनशे तेहतीस. अडुसष्ट ग्रॅम कमी.

जाऊ दारातून आत वळली. धाकट्यानं शेवटचा क्रेट खाली ठेवला, पिवळी बोटं विजारीला पुसली आणि म्हणाला, “ठीक आहे वहिनी. शब्द म्हणजे शब्द. परवाची गाडी मिळते का बघतो.”

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सतरा दिवस पोटात धरून ठेवलेलं वहिनींना आता धरवेना.

“शब्दाचं तुम्ही बोलूच नका, भाऊजी,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या की ‘तू’चं ‘तुम्ही’ होई आणि धाकट्याचं ‘भाऊजी’. “तिसऱ्यातल्यांचे पाय पिवळे कसे? सांगा सगळ्यांसमोर. चोथा चौथ्यात घालायचा ठरला होता की तिसऱ्यात?”

“तेच मला कळत नाहीये. मी तिसऱ्यात चिमूटभर टाकलेला नाही.”

“तुम्ही नाही, तर मास्तरांनी.”

“मी?” मास्तरांच्या हातातला ब्रश गळला. “वहिनी, मी औषधाची मात्रा कधी गुंजभर चुकवली नाही. खाद्य चुकवीन?”

“थांबा.” वहिनी तरातरा तिसऱ्याच्या दाराशी गेल्या, रिकामं पोतं उचलून आणलं आणि काट्याच्या पाटावर आपटलं. “हे रोज तिसऱ्याच्या दाराशी असतं. वाचा काय लिहिलंय. तुमचंच अक्षर आहे.”

मास्तरांनी वाकून पाहिलं. “चौथा.”

“नीट वाचा.”

“नीटच वाचतोय. चौथा. चौथा फेरा.”

“कसला फेरा?”

“ड्रमचा! रोज चार फेरे काढतो मी. चोथा असलेला फेरा पहिला. कारण तो ड्रमला चिकटतो, आणि पुढचा कोरडा मका ड्रम घासून काढतो. शेवटी काढला तर मलाच तासभर खरवडत बसावं लागेल. म्हणून पहिला फेरा जातो चौथ्या गाळ्याला. दुसरा पहिल्याला, तिसरा दुसऱ्याला, आणि चौथा तिसऱ्याला. थोरल्या साहेबांचाच दंडक आहे, फेऱ्याचा नंबर पोत्यावर हवा. पक्षी आजारी पडले तर कुठला फेरा बिघडला ते कळतं. चोथा येईपर्यंत फेरा आणि गाळा एकच होता, म्हणून नुसता आकडा टाकायचो; आता गोंधळ नको म्हणून अक्षरात लिहितो.” ते धाकट्याकडे वळले. “याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हसला होता. म्हणाला, मास्तर, तुमच्या डोक्याला चाकं आहेत.”

जाऊ केव्हा बाहेर आली ते कुणाला कळलं नाही. तिनं पोतं उचलून डोळ्यांसमोर धरलं. “मास्तर, हे चौथा नाही. चोथा आहे. ‘चौ’ला एक काना आणि दोन मात्रा लागतात. तुम्ही एकच दिलीत.”

“पोत्यावर जागा केवढी असते?” मास्तर चिडून म्हणाले. “माणूस समजून घेतो की!”

काटेवाला मोठ्यानं हसला, आणि मग आपण एकटेच हसतोय हे पाहून काट्याची काच पुसू लागला.

वहिनींच्या डोक्यात गेले सतरा दिवस एकामागून एक उलटे फिरू लागले. ‘पहिला’ म्हणजे चोथा. ‘चोथा’ म्हणजे साधं खाद्य. रोज दुपारी, कंबर मोडेपर्यंत, आपल्याच हातांनी आपण चोथा तिसऱ्यात नेला. तूस ओलं झालं ते त्यानं. जाऊला वास आला तो खराच. आणि वर त्याच्यावर कुलूप ठोकलं ते आपण.

“म्हणजे पोती दाराशी बदलली गेली,” धाकटा सावकाश म्हणाला. “मास्तर, तुमच्याकडून कधी उलटी ठेवली गेली का? आठवून बघा. मी रागावणार नाही.”

“एक दिवस नाही ठेवली,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “पण आता माझं ऐकणार कोण? मला लिहितासुद्धा येत नाही म्हणे.”

जाऊ पोत्याची घडी घालत होती. घालता घालता तिची नजर वर आली आणि वहिनींच्या कमरेच्या किल्लीवर थांबली. वहिनींनी ते पाहिलं. त्या टोमण्याची वाट पाहू लागल्या. जाऊकडे टोमण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण ती बोलली नाही. तिनं नजर खाली घातली, आणि घडीवर घडी घालत राहिली.

बोलली असती तर सोपं गेलं असतं. वहिनींनी भांडून वेळ निभावून नेली असती.

“मी बदलली,” त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“रोज. पंचविसाव्या दिवसापासून. मला वाटलं, तू तिसऱ्याला चोथा घालून ते पक्षी पाडतोयस. म्हणून इकडची पोती तिकडे केली. मास्तरांचा काही दोष नाही.”

धाकटा तिसऱ्याच्या क्रेटपाशी गेला, खाली बसला, आणि फटीतून बाहेर आलेला एक पिवळा पाय बोटानं चाचपला.

“म्हणजे चोथा खाल्ला तिसऱ्यानं,” तो म्हणाला. “दोनशे पस्तीस.”

“हो.”

“पहिल्यापेक्षा पाच ग्रॅम कमी. दुसऱ्यापेक्षा जास्त.”

“हो.”

त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडू लागला आणि मध्येच विझला. त्यानं मान वर केली. “मग चौथा का कमी? त्यांना तर साधंच खाद्य मिळालं. वहिनी, तुम्ही मला थांबवायला म्हणून तर हे नाही ना सांगत? कीव म्हणून? तशी कीव नको मला. खरं सांगा.”

आता तो त्यांच्याकडे अगदी तसा पाहत होता, जसं त्यांनी त्याच्याकडे चार महिने पाहिलं होतं. एकेक रेघ तपासत. वहिनींना पहिल्यांदाच कळलं, की ही नजर अंगावर किती जड असते.

हा प्रश्न त्यांना टाळता आला असता. वारं, ऊन, पिल्लांचा वाण, काहीही सांगता आलं असतं. हे उत्तर कुठल्याही पोत्यावर लिहिलेलं नव्हतं.

“चौथा गाळा नेहमीच कमी भरतो,” त्या म्हणाल्या. “तू गेल्यावर तुझ्या भावानं तो शेडला मागाहून जोडला. छप्पर दीड हात खाली आलं. दुपारी आत भट्टी होते, पक्षी खात नाहीत. दर बॅचला साठ-सत्तर ग्रॅमनं कमी. सहा वर्षं मी बघतेय.” त्या थांबल्या. “तुला तोच दिला. मला माहीत होतं.”

मास्तरांनी पत्र्यावरच्या आकड्यांकडे पाठ केली. त्यांनाही ते माहीत होतं. विचारलं नाही तर बोलायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा दंडक होता.

काटेवाला घसा खाकरून म्हणाला, “पिवळ्या पायांचे मला पुढच्या वेळी जास्त द्या. गिऱ्हाईक भांडून नेतं.”

“ते आता यांना विचारा,” वहिनी धाकट्याकडे बोट करून म्हणाल्या. “तिसरा आणि चौथा यांचा आहे.” मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. “घे. आणि चौथ्याचं छप्पर आधी वर घे. मग तुझं तू ठरव, राहायचं की जायचं.”

‘भाऊजी’वरून पुन्हा ‘तू’वर त्या कधी आल्या, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. जाऊच्या आलं. तिनं घडी केलेलं पोतं मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “मास्तर, आधी या ‘चौ’वर दुसरी मात्रा द्या. नाहीतर पुढच्या बॅचला माझ्या वाट्याला ट्रंका भरणं येईल.”

“किती भरल्यास?” धाकट्यानं विचारलं.

“एक.”

“रिकामी कर,” तो म्हणाला. पण त्यानं किल्ली लगेच घेतली नाही. आधी खिशातला रुमाल काढून दोन्ही हात स्वच्छ पुसले, बराच वेळ पुसले, आणि मग घेतली.

पाच आठवड्यांनी नवी पिल्लं चोथा खाण्याजोगी झाली, तेव्हा चौथ्याचं छप्पर दीड हात वर गेलेलं होतं. पोत्यांवर ठसठशीत दोन-दोन मात्रा होत्या. मास्तरांनी रागारागानं इतक्या जाड काढल्या होत्या की त्या दोन शिंगांसारख्या दिसत. वहिनींना आता तिसऱ्या-चौथ्याकडे जायचं काम नव्हतं. तरी दुपारी त्या ओट्यावर बसून पाहत.

धाकटा ड्रमच्या खोलीतून पोती आणी. दाराशी ठेवी. अक्षर वाची. आणि मग, दर वेळी, पोत्याचं तोंड सोडून मूठभर खाद्य काढी आणि नाकाशी धरून डोळे मिटून हुंगी. एका दारात, मग दुसऱ्या दारात. मगच आत ओती.

वहिनींना दिसतंय हे त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे वहिनींना.